मुल्कीच्या समुद्रात सर्फिंगला उतरण्यापूर्वी: लाट, वारा आणि भरती कशी वाचावी

कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात, मंगळूरच्या उत्तरेस साधारण ३० किलोमीटरवर मुल्की हे गाव आहे. शांभवी आणि नंदिनी या नद्या येथे एकत्र येऊन समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाच्या दक्षिणेला, एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर ससिहित्लूचा किनारा आहे. २००४ च्या सुमारास येथील एका आश्रमातून सर्फिंगचे शिक्षण सुरू झाले आणि २०१६ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा ससिहित्लूच्या किनाऱ्यावर भरली. कोकण रेल्वेवर मुल्कीचे स्थानक असल्यामुळे मुंबई-पुण्याकडील बरेच नवखे लोक पहिल्या लाटेसाठी येथेच येतात.

यांपैकी बहुतेक जण मोबाइलवर लाटेची उंची पाहतात आणि तेवढ्यावर बेत ठरवतात. उंची हा अंदाजातील सर्वांत कमी माहिती देणारा आकडा आहे. शिवाय तो खुल्या समुद्रासाठी काढलेला असतो. नदीमुखाजवळच्या वाळूवर त्याचे काय होईल हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे की पाण्यात न उतरण्याची कारणे आधी तपासली जातील आणि उतरण्याची कारणे नंतर. पहिल्या दोन पायऱ्यांवरच नकार आला, तर पुढचे आकडे कितीही मोहक असले तरी ते पाहण्याचे कारण उरत नाही.

सोबत काय असावे

- ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत. निवासासाठी व सर्फिंग शाळेतील नोंदणीसाठी दोन्ही लागू शकतात.
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे लेखी संमतिपत्र.
- दमा, फिट येणे, हृदयविकार किंवा खांद्याची जुनी दुखापत असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी. शाळेच्या जोखीम-स्वीकृतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, आणि साहसी खेळांतील अपघात आपल्या विम्यात धरले आहेत का, हे घरूनच विचारून घ्यावे.
- मऊ फोमचा आठ ते नऊ फुटी बोर्ड आणि त्याला शोभेल इतक्या लांबीचा लीश, म्हणजे पायाला बांधायचा पट्टा. हे दोन्ही भाड्याने मिळते. घेताना लीशचा वेल्क्रो आणि दोरीची गाठ ओढून पाहावी.
- पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, आणि झिंकयुक्त सनस्क्रीन. येथील पाणी वर्षभर कोमट असते, त्यामुळे वेटसूट लागत नाही. उन्हापासून मात्र कोणीही सुटत नाही.
- हातावरचे जलरोधक घड्याळ, छोटी वही आणि पेन्सिल.

१. आधी ऋतू ठरवा

मुल्कीच्या समुद्राचे वर्ष ढोबळमानाने तीन भागांत विभागता येते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत लाटा लहान आणि पहाटेचे पाणी बहुधा नितळ असते. दक्षिणेकडील मंद लाटांमध्ये हिवाळ्यात कधीकधी वायव्येकडून आलेल्या लाटाही मिसळतात. अरबी द्वीपकल्पावर वाहणाऱ्या शमल वाऱ्यांमुळे त्या उठतात आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात. शिकण्यासाठी हाच काळ उत्तम.

मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत लाटा वाढू लागतात, दुपारचा वारा जोर धरतो आणि वळवाच्या पावसाची विजांसकट भर पडते. या काळात शिकता येते. पण दिवस निवडून घ्यावे लागतात.

जून ते सप्टेंबर हा नवख्यांचा काळ नव्हे. या दिवसांत समुद्रातील लाटा तीन मीटरच्या वर सहज जातात, नद्या गढूळ पाण्याबरोबर ओंडके, नारळ आणि प्लास्टिक घेऊन येतात आणि किनाऱ्याची वाळू झपाट्याने झिजते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननाचे रक्षण हा असला, तरी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना आपण फोमच्या फळीवर पाण्यात का जावे, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर स्पर्धा होतात, हा युक्तिवाद कोणी केल्यास स्पर्धक कोण असतात ते पाहावे.

२. इशारे पाहा, आणि आकाश निरभ्र असतानाही पाहा

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची संस्था किनाऱ्यांसाठी समुद्रस्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. भारतीय हवामान विभाग वादळ, पाऊस आणि वाऱ्याचे इशारे देतो. निघण्याच्या आदल्या रात्री आणि पहाटे, अशी दोनदा ही दोन्ही ठिकाणे पाहावीत. खासगी अ‍ॅपवर आकर्षक रंग असतात. तेथे हे इशारे दिसतीलच असे नाही.

यात एक इशारा असा आहे की ज्यावर नवखे लोक विश्वास ठेवत नाहीत. केरळातील मच्छीमार ज्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, तो प्रकार बहुधा एप्रिल-मेमध्ये घडतो. दक्षिण महासागरात, भारतापासून हजारो किलोमीटर अंतरावर मोठे वादळ होते; त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात, आणि येथे मात्र वारा नसतो, ढग नसतात, समुद्र दिसायला शांत असतो. मे २०२४ च्या सुरुवातीला अशाच लाटांसाठी इन्कॉइसने किनाऱ्यावरील राज्यांना इशारा दिला होता. अशा दिवशी दहा-पंधरा मिनिटे काहीच होत नाही आणि मग एकामागून एक मोठ्या लाटा वाळूवर खूप आतपर्यंत चढतात. स्वेल सर्जचा, म्हणजे दूरच्या वादळातून येणाऱ्या अशा लाटांचा, किंवा उंच लाटांचा इशारा असेल, तर निर्णय तेथेच संपतो.

चक्रीवादळांच्या बाबतीत अंतरावर भिस्त ठेवू नये. मे २०२१ मधील तौक्ते वादळ कर्नाटक व गोव्याच्या किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत धडकले. जमिनीवर आले ते तेथे, पण समुद्राने मार दिला तो सगळ्याच पश्चिम किनाऱ्याला. अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप मोबाइलवर असावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत जाऊ नये. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

३. लाटेचे तीन आकडे एकत्र वाचा

अंदाजात स्वेलचे, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून आपल्यापर्यंत प्रवास करून आलेल्या लाटांचे, तीन आकडे दिलेले असतात: उंची, आवर्तकाल आणि दिशा. हे आकडे सुटे वाचणे ही सर्वांत मोठी फसगत आहे.

उंची म्हणून जो आकडा दिसतो, तो सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. म्हणजे ०.८ मीटर लिहिले असेल, तर पुष्कळ लाटा त्याहून लहान असतील, आणि तासाभरात एखादी लाट त्याच्या दुपटीच्या जवळ जाणारीही येईल. अ‍ॅप फूट दाखवते आहे की मीटर, हे आधी तपासावे.

आवर्तकाल म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांच्या शिखरांमधील सेकंद, आणि खरी ताकद तेथे कळते. उंची तेवढीच असताना १४ सेकंदांच्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे येणारी ऊर्जा ७ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट असते. खोल पाण्यात १४ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ३०० मीटर असते, तर ७ सेकंदांच्या लाटेची जेमतेम ७५ मीटर. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून. त्यामुळे लांब लाट किनाऱ्यापासून दूरवरच मंदावू लागते आणि उथळ पाण्यात अधिक उभी राहते. अंदाजात ०.८ मीटर उंचीची आणि १५ सेकंदांची लाट वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, फुटताना दीडपटीहून उंच असू शकते. ‘आज फक्त पाऊण मीटर आहे’ असे म्हणून गेलेला माणूस छातीपर्यंतच्या भिंतीसमोर उभा राहतो तो यामुळे.

या लांब लाटांचा प्रवास समजून घेतला, तर अंदाज वाचण्यात गोडी येते. १४ सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी साधारण ३९ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. सहा हजार किलोमीटर दक्षिणेला उठलेल्या वादळाच्या लाटा मुल्कीला पोहोचायला त्यामुळे सहा-सात दिवस लागतात. जास्त सेकंदांच्या लाटा अधिक वेगाने जातात, म्हणून नव्या स्वेलची चाहूल प्रथम लांब आवर्तकालाच्या पण कमी उंचीच्या लाटांनी लागते. अंदाजात उंची जेमतेम अर्धा मीटर आणि आवर्तकाल अचानक १८ सेकंद दिसला, तर पुढील दोन दिवसांत समुद्र वाढणार आहे असे समजावे.

दिशेचा आकडा अंशांत असतो आणि लाट किंवा वारा कोठून येतो ते तो सांगतो: ९० म्हणजे पूर्वेकडून, १८० म्हणजे दक्षिणेकडून, २७० म्हणजे पश्चिमेकडून. अ‍ॅपवरील बाण मात्र ते कोठे जात आहेत ते दाखवतात, आणि येथे अनेकांचा गोंधळ होतो. मुल्कीचा किनारा पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येला तोंड करून आहे. २०० ते २२० अंशांची नैर्ऋत्य-दक्षिणेकडील लाट तेथे तिरकी येते, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी उत्तरेकडे, म्हणजे ससिहित्लूवरून थेट नदीमुखाच्या बाजूला सरकते. वायव्येची लाट असेल, तर प्रवाह उलट दक्षिणेकडे असतो. पहिला प्रकार अधिक सांभाळण्यासारखा आहे, कारण तुम्ही नकळत मुखाजवळ पोहोचता.

शिकाऊ माणसाने ०.५ ते ०.८ मीटर उंची आणि ८ ते १२ सेकंद आवर्तकाल एवढ्या मर्यादेत राहावे, असे माझे मत आहे. सहा सेकंदांच्या आतील लाटा म्हणजे जवळच्या वाऱ्याने केलेला खळबळाट. त्यात धोका कमी असेल, पण शिकायला काही मिळत नाही.

४. वारा: सकाळ गाठा

शाळेच्या भूगोलातील मतलई वारे आणि खारे वारे येथे प्रत्यक्ष कामाला येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो; हा मतलई वारा येणाऱ्या लाटेला समोरून थोपवतो, तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि ती सावकाश, नीट आकारात फुटते. ऊन चढल्यावर दिशा उलटते, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि लाटांवर सुरकुत्या पडून त्या अवेळी ढासळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साधारणपणे सूर्योदयापासून दहा वाजेपर्यंतचा वेळ हाती असतो. एप्रिलमध्ये तो त्याहून लवकर संपतो. सकाळी आठला उठून नाश्ता आटोपून किनाऱ्यावर येणाऱ्याला मुल्की निराश करते, यात समुद्राचा दोष नाही.

वाऱ्याचा वेग बहुतेक ठिकाणी नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. समुद्राकडून दहा नॉटहून अधिक वारा असेल, तर शिकण्याचा दिवस गेला असे समजावे. पाच-सहा नॉटपर्यंतचा मतलई वारा उत्तम. मात्र तोच वारा बारा-पंधरा नॉट झाला, तर तो लाट सुंदर करतो आणि बोर्डावर दमलेल्या नवख्याला हळूहळू खोल समुद्राकडेही ढकलतो. पॅडलबोर्डावर, म्हणजे उभे राहून वल्हवायच्या फळीवर, असलेल्या माणसाला हा धोका अधिक, कारण त्याचे शरीरच शिडाचे काम करते.

५. भरती-ओहोटीची वेळ काढा

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला वा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तेथून सहा तासांनी ओहोटी. कॅलेंडरवर तिथी पाहून बेत आखण्यापुरता हा हिशोब मुल्कीतही उपयोगी पडतो. नेमकी वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यातून किंवा त्यावर आधारलेल्या अ‍ॅपमधून, नवमंगळूर बंदराच्या नावाखाली पाहावी. एकाच दिवसाच्या दोन भरत्या येथे सारख्या उंचीच्या नसतात, हेही त्या तक्त्यात दिसेल.

मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होते; मुल्कीत हा फरक दीड मीटरच्या आसपास असतो. म्हणून मुंबईकराला येथील भरती क्षुल्लक वाटते. पण वाळूच्या दांड्यावर मुळात दीड-दोन मीटर पाणी असेल, तर एक मीटरचा फरकही सगळे बदलून टाकतो, कारण लाट तिच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट खोलीवर फुटते. ओहोटीला ती दांड्यावर, कधी गुडघाभर पाण्यात आपटते आणि मान किंवा खांदा दुखावण्याचा संभव वाढतो. पूर्ण भरतीला ती दांडा ओलांडून थेट किनाऱ्याच्या उतारावर कोसळते. नवख्यांसाठी भरती अर्धी चढल्यापासूनचे दीड-दोन तास सर्वांत सोयीचे.

नदीमुखाजवळ ओहोटी टाळण्याचे आणखी मोठे कारण आहे. उतरत्या पाण्याबरोबर खाडीतील सगळे पाणी एका अरुंद वाटेने समुद्रात ओतले जाते, समोरून येणाऱ्या लाटा त्या प्रवाहावर चढून उभ्या राहतात आणि बोर्डवरील माणूस दोहोंच्या मध्ये सापडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात हे पाणी सर्वांत जोरात वाहते, भांगाच्या दिवसांत त्या मानाने हळू. मुखापासून निदान अर्धा किलोमीटर दक्षिणेला राहावे.

६. वाळूवर अर्धा तास उभे राहा

येथवरची तयारी खोलीत बसून झाली. आता बोर्ड वाळूवर ठेवावा आणि घड्याळ लावून समुद्र पाहावा. अर्धा तास यासाठी की लांब आवर्तकालाच्या लाटा घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची उसंत असू शकते. पाच मिनिटे पाहून उतरणारा नेमका त्या उसंतीलाच समुद्राचा स्वभाव समजतो.

दूरवरच्या एखाद्या बोयाजवळून किंवा नांगरलेल्या होडीजवळून लागोपाठ अकरा शिखरे जायला किती सेकंद लागतात ते मोजून दहाने भागावे. अंदाजातील आवर्तकालाशी ताळा जुळला तर बाकी आकड्यांवरही विश्वास ठेवता येतो. पाण्याच्या कडेला उभे राहून लाटेचे शिखर क्षितिजाच्या रेषेला टेकलेले दिसले, तर ती लाट पाण्याच्या पातळीपासून तुमच्या डोळ्यांइतकी उंच आहे. सपाट वाटणाऱ्या लाटा या कसोटीवर बरेचदा आश्चर्याचा धक्का देतात.

मग ओढ शोधावी. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक काळसर, कमी फुटणारा पट्टा दिसतो. तेथे पाणी गढूळ असते, फेस आणि काटक्या समुद्राकडे जाताना दिसतात. नवख्याला हीच जागा आत जायला सर्वांत शांत वाटते, आणि तेथूनच किनाऱ्यावर साचलेले पाणी परत समुद्रात जात असते. किनाऱ्यावरील दांड्यांचा आकार दर पावसाळ्यानंतर बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची आपली ‘ठरलेली’ जागा यंदा तशीच असेल असे धरू नये. जाळी ओढणारे मोगवीर समाजातील मच्छीमार सकाळी किनाऱ्यावर असतात. त्यांना हिंदीत वा कोकणीत विचारल्यास ओढ कोठे आहे हे ते हाताने दाखवतात. तो हात कोणत्याही अ‍ॅपपेक्षा अधिक ताजा असतो.

लाल झेंडा असेल तर परत फिरावे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधील जागा पोहणाऱ्यांसाठी राखलेली असते. बोर्ड घेऊन तेथे शिरू नये.

७. पाण्यात उतरल्यावर

कमरेइतक्या पाण्यापासून सुरुवात करावी आणि पहिले काही दिवस फुटून गेलेल्या लाटेच्या फेसातच सराव करावा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चालावे, म्हणजे वाळूत दबून बसलेले पाकट बाजूला होते. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नये. किनाऱ्यावरील एखादे माड किंवा घर खूण म्हणून ठरवून दर काही मिनिटांनी पाहावे. ती खूण सरकू लागली, तर बाहेर येऊन चालत मूळ जागी परतावे.

ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. बोर्ड सोडू नये, कारण तोच तुम्हाला तरंगता ठेवतो. किनाऱ्याला समांतर हात मारत लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला सरकावे आणि त्या फेसाबरोबर परत यावे. दम संपल्यास बोर्डावर पडून एक हात उंच करावा. किनाऱ्यावरील सोबत्याने तटरक्षक दलाचा १५५४ किंवा आपत्कालीन ११२ हा क्रमांक लावावा. त्यासाठी बाहेर एक जण कायम ठेवावा, आणि त्याच्या फोनला तेथे नेटवर्क आहे हे आधी पाहावे.

८. वहीत नोंद ठेवा

बाहेर आल्यावर तारीख, तिथी, अंदाजातील उंची-आवर्तकाल-दिशा, वारा, भरतीची वेळ आणि प्रत्यक्षात दिसलेली लाट एवढे लिहावे. ही वही मुल्कीपुरतीच खरी ठरते. गोव्यातील आश्वे-मांद्रे किंवा सिंधुदुर्गातील किनाऱ्यांवर भरतीचा फरक अधिक, किनाऱ्याचे तोंड वेगळे आणि दांडे वेगळे असल्याने तेथे नवे पान सुरू करावे लागते; तिथीची पाऊणपट तेवढी सोबत नेता येते.